मायक्रोटर्बाइन आणि चुलीचा वैल

'टर्बाइन' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कोयनेच्या डोंगराच्या पोटातलं पॉवर हाऊस, नाहीतर विमानाच्या पंखाखालचं जेट इंजिन. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॅट. आता याच्या अगदी उलट टोकाला जाऊ या. एका मोठ्या फ्रिजएवढा डबा, आत हातात धरता येईल अशी टर्बाइन, आणि बाहेर ३० किलोवॅट वीज. कोयनेच्या जवळजवळ ६५ हजारावा भाग! हीच मायक्रोटर्बाइन. साधारण ३० पासून २००-३०० किलोवॅटपर्यंतच्या छोट्या गॅस टर्बाइनना हे नाव आहे. (ओढ्यावरच्या मायक्रो-हायड्रोशी तिचा संबंध नाही. ही इंधन जाळून चालते.)

इंटरनेटवर आणि कंपन्यांच्या ब्रोशरमध्ये तिचं वर्णन वाचलं तर वाटतं, आता डिझेल जनसेटचे दिवस भरले. आवाज कमी, धूर नाही, ऑइल बदलणं नाही. मग एवढी गुणी मशीन आपल्याला जागोजागी का दिसत नाही? या लेखात आधी ती चालते कशी ते बघू, मग ती कुठे शोभते ते बघू, आणि शेवटी आपल्या होस्टेलचा हिशोब करू. थर्मोचा पेपर ज्यांचा राहिलाय त्यांनी मधलं गणित जरूर वाचावं, पाच-सात मार्कांची सोय आहे.

आत काय असतं?

मूळ तत्त्व आपल्या सिलॅबसमधलंच, ब्रेटन सायकल. कॉम्प्रेसर हवा ओढून दाबतो, कम्बस्टरमध्ये इंधन जळतं, तापलेला वायू टर्बाइन फिरवतो, आणि टर्बाइन कॉम्प्रेसर व जनरेटर दोघांनाही फिरवते. मोठ्या गॅस टर्बाइनमध्ये ब्लेडच्या अनेक रांगा असतात. इथे कॉम्प्रेसरला एकच सेंट्रिफ्युगल चाक आणि टर्बाइनलाही एकच रेडियल चाक. म्हणजे रचना गाडीच्या टर्बोचार्जरची बहीणच.

बऱ्याच डिझाइनमध्ये कॉम्प्रेसर, टर्बाइन आणि जनरेटरचं पर्मनंट मॅग्नेट हे सगळं एकाच शाफ्टवर असतं. गिअरबॉक्स नाही. अमेरिकेतल्या कॅपस्टोन कंपनीच्या ३० किलोवॅटच्या मशीनमध्ये हा शाफ्ट मिनिटाला ९६,००० फेरे घेतो! आपल्या लॅबमधली इंडक्शन मोटर जेमतेम १४४० ला फिरते. एवढ्या वेगाला साधं बॉल बेअरिंग टिकवणं अवघड, म्हणून तिथे एअर बेअरिंग वापरलंय. शाफ्ट स्वतःच्या वेगाने हवेचा पातळ थर तयार करतो आणि त्यावर तरंगत फिरतो. धातूला धातू लागतो तो फक्त चालू आणि बंद होताना. म्हणूनच लुब्रिकेटिंग ऑइल नाही, आणि ऑइल नाही म्हणून ते बदलणंही नाही.

मशीन इतकी छोटी असली की एक अडचण येते. छोट्या चाकांमध्ये हवेची गळती आणि घर्षण प्रमाणाने जास्त होतं, आणि ब्लेड आतून थंड ठेवण्यासाठी बारीक भोकं पाडणंही जमत नाही. त्यामुळे तापमान फार वाढवता येत नाही. परिणाम, कार्यक्षमता कमी. यावरचा उपाय म्हणजे रिक्युपरेटर.

रिक्युपरेटर म्हणजे काय?

या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधताना मला आजीच्या चुलीचा वैल आठवला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मातीच्या चुलीला बाजूला एक छोटं तोंड असायचं. मुख्य चुलीवर भाकरी चालू असताना जी उष्णता वाया जाणार, ती या वैलावर यायची. त्यावर आमटी गरम राहायची किंवा दूध तापायचं. त्यासाठी वेगळं लाकूड लागायचं नाही.

रिक्युपरेटर तेच करतो. टर्बाइनमधून बाहेर पडणारा वायू अजून पाऊणे सहाशे अंशांच्या आसपास तापलेला असतो. तो सरळ बाहेर सोडण्याऐवजी पत्र्याच्या पातळ थरांतून नेतात आणि दुसऱ्या बाजूने कॉम्प्रेसरची हवा नेतात. ती हवा फुकटात तापते आणि कम्बस्टरमध्ये तेवढं इंधन कमी लागतं. यामुळे किती फरक पडतो ते आकड्यांत बघू.

एक छोटं गणित

समजा बाहेरची हवा ३०० केल्व्हिन (२७ अंश), प्रेशर रेशो ४, टर्बाइन इनलेटला ११७३ केल्व्हिन (९०० अंश), कॉम्प्रेसरची आयसेन्ट्रॉपिक कार्यक्षमता ७८ टक्के, टर्बाइनची ८५ टक्के, आणि गॅमा १.४.

१) कॉम्प्रेसरनंतरचं तापमान : ४८७ केल्व्हिन. म्हणजे १८७ अंशांची वाढ.
२) टर्बाइननंतरचं तापमान : ८४७ केल्व्हिन. म्हणजे ३२६ अंशांची घट.
३) निव्वळ काम : ३२६ वजा १८७ = १३९ (सगळं स्पेसिफिक हीटच्या पटीत).
४) रिक्युपरेटर नसेल तर द्यावी लागणारी उष्णता : ११७३ वजा ४८७ = ६८६. कार्यक्षमता सुमारे २० टक्के.
५) रिक्युपरेटर ८५ टक्के परिणामकारक असेल तर हवा कम्बस्टरमध्ये ७९३ केल्व्हिनला शिरते. उष्णता लागते फक्त ३८०. कार्यक्षमता सुमारे ३७ टक्के!

हे कागदावरचं. प्रत्यक्षात दाबाची गळती, जनरेटर आणि इलेक्ट्रॉनिक्सचा वाटा वजा केला की बाजारातल्या मशीन २६ ते ३३ टक्क्यांवर येतात. ३० किलोवॅटची २६ वर, २०० किलोवॅटची ३३ वर.

या गणितात दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, टर्बाइनने केलेल्या ३२६ पैकी १८७, म्हणजे निम्म्याहून जास्त काम कॉम्प्रेसरच खातो. कॉम्प्रेसरचं काम आत येणाऱ्या हवेच्या तापमानावर अवलंबून असतं, म्हणून उन्हाळा या मशीनला अजिबात मानवत नाही. कंपनी क्षमता सांगते ती १५ अंशांची. वरच्याच पद्धतीने ४५ अंशांचं गणित केलं आणि गरम हवा विरळ असते हेही धरलं, तर ३० किलोवॅटची मशीन २४ किलोवॅटच्या आसपास येते. नागपूर-चंद्रपूरच्या मित्रांनी मे महिन्यासाठी हे ध्यानात ठेवावं, कारण कूलर आणि पंख्यांना जास्त वीज लागते तेव्हाच ही कमी वीज देणार.

दुसरी गोष्ट, रिक्युपरेटरमधून निघाल्यावरही वायू ५४१ केल्व्हिनला, म्हणजे २६८ अंशांना असतो. वैलावर एकदा दूध तापलं, तरी राख अजून गरमच आहे! सगळा मुद्दा या राखेचा आहे.

१६०० हर्ट्झची वीज

पण आधी थोडं इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी. ९६,००० आरपीएमला दोन पोलचा जनरेटर १६०० हर्ट्झची एसी तयार करतो. ही वीज थेट ट्यूबलाइटला देता येत नाही. म्हणून आधी ती रेक्टिफायरने डीसी करतात, मग इन्व्हर्टरने ५० हर्ट्झची एसी. त्यामुळे शाफ्टचा वेग लोडप्रमाणे कमी-जास्त केला तरी बाहेरची फ्रिक्वेन्सी ५० च राहते.

मधे ही जी डीसी लाइन तयार होते, ती हायब्रिड सिस्टिमसाठी फार सोयीची आहे. सोलर पॅनेल डीसी, बॅटरी डीसी. सगळ्यांना एकाच ओट्यावर बसवता येतं. बॅटरीची गरज तर मशीनला स्वतःलाच असते. ग्रिड नसेल तेव्हा चालू करताना बॅटरीवर जनरेटरलाच मोटर बनवून शाफ्ट फिरवतात. शिवाय लोड एकदम वाढला तर टर्बाइनला वेग घ्यायला वेळ लागतो, तेवढ्यापुरतं बॅटरी सांभाळते. आणि अर्ध्या लोडवर चालवलं तर कार्यक्षमता चांगलीच पडते. म्हणून एक मोठी मशीन अर्धी चालवण्यापेक्षा चार छोट्या लावून दोन बंद ठेवणं परवडतं.

उष्णतेला गिऱ्हाईक हवं

आता मुख्य मुद्दा. २६ टक्के कार्यक्षमतेची ३० किलोवॅटची मशीन तासाला सुमारे ११५ युनिट इतकी इंधनऊर्जा घेते. ३० ची वीज झाली, ८५ उरले. त्यातले साधारण ५५ एक्झॉस्टमधून पाणी तापवण्यासाठी काढता येतात. म्हणजे एकूण उपयोग ७५ टक्क्यांच्या आसपास. ही झाली कोजनरेशन.

स्वीडनमध्ये व्होल्वो आणि एबीबी यांनी मिळून टर्बेक ही कंपनी काढली होती. तिची टी-१०० ही मशीन १०० किलोवॅट वीज आणि त्याबरोबर १५५ किलोवॅट उष्णता गरम पाण्याच्या रूपात देत असे. आकडे नीट बघा. विजेपेक्षा उष्णता जास्त! अशा मशीनला वीज तयार करणारा बंब म्हटलं तरी चालेल. थंड देशात इमारती वर्षातले कित्येक महिने तापवाव्या लागतात, त्यामुळे तिथे या १५५ किलोवॅटना गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

गंमत म्हणजे या तंत्रज्ञानाची एक मोठी आशा मोटारीत होती. व्होल्वोने १९९२ साली गॅस टर्बाइन आणि बॅटरी असलेली ईसीसी ही हायब्रिड कार दाखवली होती. २०१० च्या पॅरिस मोटर शोमध्ये जॅग्वारने, जी २००८ मध्ये टाटा मोटर्सने विकत घेतली होती, सी-एक्स७५ ही कार दाखवली. तिच्यात ब्लेडन जेट्सच्या प्रत्येकी ७० किलोवॅटच्या दोन मायक्रोटर्बाइन होत्या, ८०,००० आरपीएमच्या. चाकं फिरवायच्या इलेक्ट्रिक मोटर, आणि टर्बाइन फक्त वीज तयार करायला. दिसायला झकास! पण पुढे प्रत्यक्ष गाडी बनवायची वेळ आली तेव्हा टर्बाइनच्या जागी १.६ लिटरचं नेहमीचं पिस्टन इंजिन आलं, आणि २०१२ च्या डिसेंबरमध्ये प्रकल्पच गुंडाळला. मला यातून एवढं दिसतं की कार ही उष्णतेची गिऱ्हाईक नाही. तिला फक्त शाफ्टची ताकद हवी, आणि तेवढ्यापुरतं बघितलं तर पिस्टन इंजिनला हरवणं कठीण आहे.

हायब्रिडचे दोन सुंदर नमुने

'हायब्रिड'चा सोपा अर्थ दोन स्रोत शेजारी शेजारी लावणं. पण मायक्रोटर्बाइनच्या बाबतीत त्याहून खोल जोडणी करता येते.

पहिला नमुना इस्रायलमधला. किबुत्झ सामार या वाळवंटातल्या वस्तीत २००९ साली आओरा कंपनीने ३० मीटर उंच मनोरा उभारला. त्याचा आकार ट्यूलिपच्या फुलासारखा. खाली ३० आरसे सूर्याचा पाठलाग करत ऊन मनोऱ्याच्या टोकावर फेकत. तिथे दाबलेली हवा सुमारे १००० अंशांपर्यंत तापून मायक्रोटर्बाइनमध्ये शिरे. ढग आले किंवा रात्र झाली की तीच टर्बाइन इंधनावर चाले. मिळत असे १०० किलोवॅट वीज आणि १७० किलोवॅट उष्णता. सोलर पॅनेल आणि जनसेट या दोन वेगळ्या मशीनऐवजी, एकच टर्बाइन आणि तिला उष्णता देणारे दोन 'स्वयंपाकी'.

दुसरा नमुना फ्युएल सेलचा. सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल फार गरम असतो आणि त्यातून बाहेर पडणारा वायूही तसाच. सीमेन्स वेस्टिंगहाऊसने तयार केलेली २२० किलोवॅटची जोडी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइन इथल्या विद्यापीठात २००० साली बसवली. टर्बाइनचा कॉम्प्रेसर फ्युएल सेलला दाबाची हवा पुरवतो आणि फ्युएल सेलचा गरम वायू टर्बाइन फिरवतो. कम्बस्टरचं काम जवळजवळ फ्युएल सेलच करतो! साधारण २०० किलोवॅट फ्युएल सेलचे आणि २० टर्बाइनचे. कार्यक्षमता मिळाली सुमारे ५३ टक्के. एवढ्या छोट्या प्लांटसाठी हा आकडा थक्क करणारा आहे. जपानमध्ये मित्सुबिशीने हाच मार्ग पुढे नेला. क्युशू विद्यापीठात २०१५ साली त्यांची २५० किलोवॅट वर्गाची जोडी चालू झाली.

दोन्हीकडे तत्त्व एकच. एकाची वाया जाणारी उष्णता ही दुसऱ्याचं इंधन. पुन्हा चुलीचा वैल!

कचऱ्यावर चालते का?

चालते, आणि हा तिचा मोठा गुण. बायोगॅसमध्ये मिथेन साधारण ६० टक्केच असतो, पण तेवढ्यावरही ती भागवते. लॉस एंजेलिसजवळच्या लोपेझ कॅन्यन इथल्या कचरा डेपोवर २००१ साली ३० किलोवॅटच्या एकूण ५० मायक्रोटर्बाइन लावल्या होत्या. कचऱ्यातून निघणारा मिथेन नुसता जाळून टाकण्यापेक्षा त्याची वीज केलेली बरी, हा विचार.

पण इथे एक शत्रू आहे, तो म्हणजे आपला शाम्पू! शाम्पू, क्रीम, डिओड्रंट यांत सिलिकॉनची संयुगं असतात. ती सांडपाण्यातून आणि कचऱ्यातून गॅसमध्ये येतात, त्यांना सिलॉक्सेन म्हणतात. जळल्यावर त्यांची सिलिका होते, म्हणजे चक्क वाळू. ती टर्बाइनच्या चाकावर आणि रिक्युपरेटरच्या बारीक फटीत बसते. म्हणून गॅस आधी ॲक्टिव्हेटेड कार्बनमधून गाळावा लागतो. शिवाय गॅस कम्बस्टरमध्ये घालायला पाच बारच्या आसपास दाबावा लागतो, त्यातही थोडी वीज जाते.

आपल्या होस्टेलला चालेल का?

होस्टेल कमिटीच्या मीटिंगमध्ये जनसेट बदलायचा विषय निघाला तेव्हा "मेसच्या खरकट्यावर मायक्रोटर्बाइन चालवू" अशी एक सूचना आली आणि टाळ्याही पडल्या. मागच्या जनसेटच्या धुराने ज्यांच्या खिडक्या काळ्या झाल्यात त्यांनी सगळ्यात जास्त वाजवल्या. पैसे कॉलेजचे, म्हणजे शेवटी आपल्याच फीचे. म्हणून हिशोब इथे मांडते.

समजा मेसमध्ये ६०० जण जेवतात आणि प्रत्येकामागे दिवसाला २०० ग्रॅम ओला कचरा निघतो. झाले १२० किलो. एका किलोपासून साधारण ०.१ घनमीटर बायोगॅस धरला तर १२ घनमीटर. एका घनमीटरमध्ये ६ युनिट ऊर्जा, म्हणजे दिवसाला ७२ युनिट. त्याची २६ टक्के वीज, सुमारे १९ युनिट. ३० किलोवॅटची मशीन यावर चालेल जेमतेम ४० मिनिटं! गॅस दाबायची वीज अजून वजा केलेली नाही.

तोच गॅस मेसच्या शेगडीत जाळला तर? ७२ युनिट म्हणजे साडेपाच किलो एलपीजीच्या बरोबरीचं. दर साडेतीन दिवसांनी १९ किलोचा एक कमर्शियल सिलिंडर वाचला. मध्ये ना कॉम्प्रेसर, ना इन्व्हर्टर. पुण्याच्या 'आरती' संस्थेला स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस प्लांटसाठी २००६ चा ॲशडेन पुरस्कार मिळाला, तो याच साध्या वाटेसाठी. भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'निसर्गऋण' प्लांटही आपल्याला ठाऊक आहे.

बरं, डिझेलवर चालवली तर? डिझेलच्या एका लिटरमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. चांगला जनसेट त्यातून साडेतीन युनिट वीज देतो, आपली छोटी मायक्रोटर्बाइन २.६. म्हणजे नुसत्या बॅकअपसाठी घेतली तर तेवढ्याच विजेला एक-तृतीयांशाहून जास्त डिझेल लागणार. वर पहिली किंमतही जास्त.

मग राहिला एक मार्ग, पाइपचा नॅचरल गॅस आणि कोजनरेशन. ५५ किलोवॅट उष्णतेत तासाला जवळजवळ १२०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर जातं. डिसेंबरमध्ये सकाळी सहाला बाथरूमबाहेर बादली घेऊन उभं राहणाऱ्यांना याचा अर्थ सांगायला नको. पण आपल्याला गरम पाणी लागतं सकाळी पाच ते आठ. उरलेले एकवीस तास ही उष्णता कोण घेणार? आणि तीन तासांच्या पाण्यासाठी गच्चीवरचे सोलर हीटर जास्त स्वस्तात काम करतात.

म्हणून माझं मत : आज आपल्या होस्टेलला मायक्रोटर्बाइन नको. खरकट्याचा गॅस शेगडीला, ऊन पाण्याला, आणि जनसेट क्वचित लागतो तो लागू दे, फक्त त्याचं धुराडं उंच करा.

मग कुणाला हवी?

ज्यांच्याकडे चोवीस तास उष्णतेचं काम आहे त्यांना. दूध पाश्चराइज करायला ७२ अंश लागतात, ते डेअरीत रोज चालू असतं. इचलकरंजी-सोलापूरच्या कापड प्रोसेसिंगला गरम पाणी लागतं. हॉस्पिटलला लाँड्री, स्टरिलायझेशन आणि शिवाय एसी. हो, उष्णतेवर एसी चालतो! लिथियम ब्रोमाइडचे व्हेपर ॲब्सॉर्प्शन चिलर पुण्यात थरमॅक्स बनवते. मायक्रोटर्बाइनचा एक्झॉस्ट अशा चिलरला दिला की आपल्यासारख्या उष्ण देशातही त्या उष्णतेला गिऱ्हाईक मिळतं.

पिस्टन इंजिनमधूनही उष्णता काढता येते, हे खरं. पण तिथे ती अर्धी एक्झॉस्टमध्ये आणि अर्धी जॅकेटच्या त्यामानाने कमी तापमानाच्या पाण्यात विभागलेली असते. इथे जवळजवळ सगळी एकाच स्वच्छ आणि गरम झोतात मिळते. गॅसवर चालणाऱ्या चांगल्या मशीनमध्ये नायट्रोजन ऑक्साइडचं प्रमाण ९ पीपीएमच्या खाली असतं. हॉस्पिटलच्या आवारात याची किंमत कळते.

एवढं असूनही हा धंदा सोपा नाही. १९८८ साली सुरू झालेल्या, आणि १९९८ मध्ये पहिली मशीन विकणाऱ्या कॅपस्टोनला २०२३ साली दिवाळखोरीच्या कायद्याचा आधार घ्यावा लागला. त्याच वर्षाअखेर कर्जाची पुनर्रचना करून ती त्यातून बाहेर पडली. मशीन उत्तम असणं आणि ती योग्य जागी बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, कुणी मायक्रोटर्बाइनचं ब्रोशर दाखवलं तर किलोवॅट नंतर विचारा. आधी विचारा, उष्णतेला गिऱ्हाईक कोण आणि ते दिवसाचे किती तास हजर असतं? बी.ई.ला प्रोजेक्ट शोधणाऱ्यांसाठी विषयही तयार आहे. आपल्या मेसचा, बाथरूमचा आणि कॉलेजच्या एसीचा तासातासाचा हिशोब आठवडाभर मोजा. एक थर्मामीटर, एक वॉटर मीटर आणि पहाटे पाचला उठणारा एक पार्टनर एवढंच साहित्य लागेल. पहिली दोन लॅबमध्ये मिळतील.